७५२ किलोमीटरच्या तारेचं अलीकडचं टोक

कोळसापट्ट्यातल्या माझ्या मावशीच्या गावी कपडे वाळत घालायचे तर आधी दोरी पुसावी लागते. ओलं फडकं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचं, फडक्यावर रेघ उठते, मग फडकं उलटून पुन्हा एकदा. रेघ काळी असली तर वारा खदानीकडचा, करडी असली तर चिमण्यांकडचा, पांढुरकी असली तर सिमेंटकडचा. मावशी चौथीपर्यंत शिकलेली, पण हे निदान आपलं कधी चुकत नाही असं ती सांगते. सरकारी भाषेत याला स्रोतनिहाय विभागणी म्हणतात आणि त्यासाठी सल्लागार नेमावे लागतात.

प्रकरण चंद्रपूरचं आहे. कोळसा, पर्यावरण आणि विकास यांवरच्या चर्चा बहुतेक वेळा दिल्लीच्या धुक्यापासून सुरू होतात आणि हवामान परिषदेच्या ठरावावर येऊन थांबतात. चंद्रपुरात मात्र खाण, वीज केंद्र, राखेचे तलाव, नदी, वाघाचं जंगल आणि गोंड राजांच्या परकोटातलं जुनं शहर असं सगळं दाटीवाटीने शेजारी नांदतं. इथे पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. भांडण कोळसा विरुद्ध पर्यावरण असं नाहीच. जमाखर्चाच्या वहीत जमा एका टोकाला लिहिली जाते आणि खर्च दुसऱ्या टोकाला, हे खरं भांडण आहे. शिवाय कोळसा बंद करायची वेळ येईल तेव्हाही वही अशीच लिहिली जाईल, अशी मला भीती वाटते.

आधी आकडे

वर्धा खोऱ्यातला हा कोळसा गोंडवन काळातला. भूगर्भशास्त्राने जगभर रूढ केलेलं हे नाव गोंडांच्या मुलखावरूनच पडलं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला खाण काढली, तिच्यामागून रेल्वे आली. राष्ट्रीयीकरणानंतर १९७० च्या दशकात वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी उभी राहिली, लोकांच्या तोंडी ‘वेकोलि’. मग १९८३ साली चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राचा पहिला २१० मेगावॅटचा संच चालू झाला. १९८६ पर्यंत असे चार झाले. नव्वदीच्या दशकात ५०० चे तीन आले, २०१६ मध्ये आणखी दोन. पहिले दोन जुने संच निवृत्त झाले असून आज क्षमता २,९२० मेगावॅट आहे.

हा आकडा वर्तमानपत्रात वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून जरा वहीत मांडू. केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चाललं तर सुमारे सात कोटी युनिट वीज तयार होते. आपल्याकडच्या कोळशावर एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे दिवसाला ४९ हजार टन. मालगाडीची एक रेक चार हजार टनांच्या आसपासची धरली तर बारा रेक. या कोळशात राख मुळातच मिसळलेली, शंभर किलो जाळले तर पस्तीस-चाळीस किलो राख हाती उरते. म्हणजे दिवसाला सतरा हजार टनांहून जास्त राख, वीस टनांच्या गाड्यांनी वाहायची तर साडेआठशेच्या वर खेपा. कार्बन डायऑक्साइड युनिटमागे एक किलो, म्हणून रोज ७० हजार टन. प्रत्यक्षात केंद्र कधीच पूर्ण क्षमतेने चालत नाही, तेव्हा या सगळ्यातून चौथा-तिसरा हिस्सा खुशाल वजा करा. उरतं तेही पुष्कळ आहे.

आता ही वीज जाते कुठे? चंद्रपूरहून एक उच्चदाब एकदिश वाहिनी थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाते. लांबी ७५२ किलोमीटर, दाब ५०० किलोव्होल्ट, क्षमता १,५०० मेगावॅट. गेल्या शतकाच्या अखेरीस ती सुरू झाली तेव्हा देशातलं ते मोठं तांत्रिक काम होतं, आणि अभियांत्रिकी म्हणून मला आजही तिचं कौतुक वाटतं. कोळसा रेल्वेने मुंबईकडे नेण्यापेक्षा खाणीच्या तोंडाशीच जाळावा आणि वीज तारेने न्यावी, हा हिशोब बरोबरच होता. फक्त राख तारेतून जात नाही.

मिळालं काय

कोळशाने चंद्रपूरला काही दिलंच नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने इथे एखादं लग्न जुळवून पाहावं. ‘मुलगा वेकोलित आहे’ हे तीन शब्द कोरडवाहू कापसाच्या मुलखात काय वजनाचे होते, ते कळेल. दर महिन्याला ठरल्या तारखेला पगार, दवाखाना, क्वार्टर, मुलांना शाळा. ऊर्जानगरसारख्या वसाहती, बल्लारपूरची कागद गिरणी, राजुरा-कोरपना पट्ट्यातले सिमेंट कारखाने, हे सगळं कोळशाच्या आणि विजेच्या आसऱ्याने वाढलं. भारतात आजही माणशी वार्षिक वीजवापर १,४०० युनिटांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे ‘कोळसा लगेच थांबवा’ हे वाक्य युरोपात बसून म्हणणं सोपं जातं.

मिळकतीतही प्रतवारी होतीच. वेकोलिची मूळ कंपनी कोल इंडिया, तिच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. ज्याच्याकडे दीड एकर आहे त्याने काय करायचं? तर चुलत भावाचा अर्धा एकर जोडून घ्यायचा आणि नोकरी कुणाच्या नावावर लागणार ते घरातच ठरवायचं. या ठरवण्यात किती घरं दुभंगली त्याची नोंद कुठल्याही अहवालात सापडणार नाही. ज्याला नोकरी लागली तो क्वार्टरमध्ये गेला, ज्याने जमीन जोडून दिली तो कंत्राटदाराकडे हजेरीवर. पुढे यंत्रं मोठी होत गेली आणि कायम नोकऱ्या आटत गेल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये वीज केंद्राचे काही प्रकल्पग्रस्त कायम नोकरीसाठी थेट चिमणीवर चढून बसले होते. जमीन घेतली गेली बापाची, चिमणीवर चढला मुलगा.

चौथा क्रमांक

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये आयआयटी दिल्लीच्या मदतीने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. हवा, पाणी, जमीन मिळून एक निर्देशांक काढला, त्याचं नाव सेपी. सत्तरच्या वर गुण म्हणजे अतिगंभीर प्रदूषित. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर देशात चौथा क्रमांक. २०१० च्या जानेवारीत अशा ४३ पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना मनाई झाली, आराखडे तयार झाले, मनाई उठली. २०१८ ची फेरी झाली तेव्हाही चंद्रपूर सत्तरच्या वरच होतं. मधल्या काळात वीज केंद्रात हजार मेगावॅटचे नवे संच आले होते.

२०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही हवेचं मानक न गाठणाऱ्या शहरांत चंद्रपूरचं नाव आहे. पण मावशीच्या फडक्याचा प्रश्न इथे आडवा येतो. खाणवाले म्हणतात चिमणी बघा, चिमणीवाले म्हणतात रस्त्यावरची वाहतूक बघा, वाहतूकवाले सिमेंटकडे बोट दाखवतात. दहा धुरकरी एकत्र बसले की धूर कुणाचाच नसतो.

गंधकाची गोष्ट

नियम होतो, पण मुदत पळते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी उत्सर्जनाची नवी मानकं काढली. त्यात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा पहिल्यांदाच आली. जुन्या ५०० मेगावॅटच्या संचांना घनमीटरला २०० मिलिग्रॅम, त्याहून लहान संचांना ६००. मुदत दोन वर्षं. ती पाळण्यासाठी धुरातला गंधक चुनखडीच्या पाण्याने धुऊन काढणारी एफजीडी यंत्रणा बसवावी लागते. मुदत २०१७ ची २०२२ झाली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट पाडले आणि गटागटाने मुदती पुढे गेल्या. पुन्हा गेल्या. २०२४ च्या अखेरीस आणखी पुढे गेल्या. मग जुलै २०२५ मध्ये तिसऱ्या गटाला, म्हणजे देशातल्या बहुसंख्य संचांना, चिमणीच्या उंचीची अट पाळली तर या मर्यादेतून सूटच मिळाली. अतिगंभीर प्रदूषित पट्ट्यांच्या दहा किलोमीटरांतली केंद्रं दुसऱ्या गटात येतात, चंद्रपूरचा प्रकार तो. त्यांचा निर्णय आता तज्ज्ञ समिती प्रकरणागणिक करणार.

सूट देणाऱ्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही, हे मान्य केलं पाहिजे. आपल्या कोळशात गंधक कमी, राख जास्त. बहुतेक शहरांत हवेतला सल्फर डायऑक्साइड मानकाच्या आत असतो. यंत्रणेला मेगावॅटमागे कोटीच्या घरात खर्च, वर चुनखडी खणायची आणि ती वापरताना पुन्हा कार्बन सोडायचा. उलट बाजू अशी की हा वायू हवेत फार काळ वायू राहत नाही. त्याचे सूक्ष्म सल्फेट कण होतात आणि ते शेकडो किलोमीटरवर जाऊन फुप्फुसात बसतात. चिमणीजवळचं मापन यंत्र म्हणूनच निर्दोष आकडा दाखवतं. (चुनखडी म्हणाल तर ती याच जिल्ह्यात सिमेंटसाठी डोंगरच्या डोंगर पोखरून निघते. विहीर अंगणात आणि दोर मिळेना, त्यातली गत.)

माझ्या मते चंद्रपूरपुरता मोठा शत्रू राख आणि धूळ हाच आहे, गंधक त्यानंतर. पण दहा वर्षं मुदत सरकत राहिली की चालवणाऱ्यांना एक धडा पक्का मिळतो. ज्याने वेळेत यंत्रणा बसवली त्याची वीज महाग झाली, ज्याने वाट पाहिली तो शहाणा ठरला.

टनामागे कुणाला किती

या प्रकरणाचा गाभा मला पैशात दिसतो. दोन हजार रुपये किमतीचा एक टन कोळसा घेऊ. त्यावर १४ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी), म्हणजे २८० रुपये, राज्याला. जुन्या खाणींसाठी स्वामित्वधनाच्या तीस टक्के रक्कम वेगळी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जाते, ते झाले ८४ रुपये. २०१५ नंतर सुरू झालेला हाच एक पैसा खाणीच्या गावासाठी म्हणून जिल्ह्यात राहतो.

आता उपकर. २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या नावाने टनामागे ५० रुपये उपकर लागला. तो वाढत २०१६ मध्ये ४०० झाला. प्रदूषण करणाऱ्याने भरावं आणि त्या पैशातून स्वच्छ ऊर्जा उभी राहावी, कल्पना चोख. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि या उपकराचं रूपांतर राज्यांच्या नुकसानभरपाईच्या उपकरात झालं. करोनाकाळात भरपाईसाठी कर्ज काढलं, त्याच्या फेडीसाठी उपकराची मुदत वाढली. चंद्रपूर केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर त्या दिवशी या एका उपकराचे जवळजवळ दोन कोटी व्हायचे. ना त्यातून सौर पॅनेल आलं, ना राखेच्या तलावाला अस्तर लागलं. देशाचं कर्ज फिटलं, तेही काम करण्याजोगं होतंच म्हणा. पण नाव स्वच्छ ऊर्जेचं होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. मथळे आले, ‘कोळशावर कर वाढला’. आपल्या दोन हजारांच्या टनाला लावून बघा. आधी शंभर अधिक चारशे, पाचशे. आता तीनशे साठ. हलक्या प्रतीच्या, भरपूर राखेच्या स्वस्त कोळशावरचा बोजा उतरला आणि चांगल्या, महाग कोळशावरचा वाढला. विजेला जीएसटीच नाही, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट केंद्राला मिळत नाही, तो सरळ वीजदरात जातो. म्हणजे नव्या रचनेत जास्त राखेच्या कोळशाची वीज थोडी आणखी स्वस्त. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. राखेचा विचार त्या टेबलावर नव्हता, एवढंच.

पाणी, राख, वाघ

केंद्राचं पाणी इरई धरणाचं आणि शहराचंही तेच. २०१० च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं तेव्हा संच बंद ठेवावे लागले. मे महिन्यात पारा ४७ च्या पुढे जाणाऱ्या गावात पंखा आणि नळ यांतलं एक निवडायची वेळ आली. कोराडीच्या वीज केंद्रात नागपूरचं सांडपाणी प्रक्रिया करून वापरलं जातं, तो धडा इथे उशिरा पोचला.

राखेचे नियम १९९९ पासून आहेत आणि दर काही वर्षांनी कडक होत गेले. २०२१ च्या अधिसूचनेने तर रोजची सगळी राख वापरात आली पाहिजे आणि तलावांत साठलेली जुनी राखही दहा वर्षांत उचलली गेली पाहिजे असं सांगितलं. सिमेंट कारखाने जवळ असल्यामुळे चंद्रपूरची कोरडी राख खपते. अडचण ओल्या राखेची. पाइपातून पाण्यासोबत वाहून तलावात गेलेली राख उन्हाळ्यात वरून सुकते आणि संध्याकाळच्या वाऱ्यावर उठते.

खाणीच्या बाजूने पाहिलं तर २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला एक घर डोळ्यांदेखत जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. जमीन हादरल्याचं कळून घरची माणसं आधीच बाहेर पळाली म्हणून वाचली. त्याच वर्षी फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात एक कंत्राटी कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला आणि त्याच दिवसांत दुर्गापूरला बिबट्याने एका मुलाला नेलं. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर बाभूळ माजते, तिथे रानडुक्कर येतं, त्यामागे वाघ. ताडोब्याजवळच्या लोहारा इथला खाण प्रस्ताव २००९ मध्ये, शहरात उपोषण-आंदोलनं झाल्यावर, केंद्र सरकारने नाकारला. २०२० मध्ये बंदर नावाचा कोळसापट्टाही लिलावातून काढला. वाघाच्या नावाने जे अडवता येतं ते माणसाच्या दम्याच्या नावाने अडत नाही.

बंद पडलं तेव्हा

भद्रावती तालुक्यातल्या बरांजचा कोळसा कर्नाटकात, बेल्लारीच्या वीज केंद्राला जायचा. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१४ कोळसापट्ट्यांचं वाटप रद्द केलं आणि मार्च २०१५ अखेर बरांजची खाण थांबली. जमीन गेली होती, पुनर्वसन अर्धवट होतं, ब्लास्टिंगने भिंती तडकल्या होत्या, आणि आता पगारही थांबला. धूळ मात्र तेवढी कमी झाली. खाण पुन्हा चालू व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ गेला आणि ती चालू व्हावी म्हणून तेच गाव आंदोलनं करत होतं. पर्यावरणवाद्यांनी बरांजला जाऊन दोन दिवस राहावं असं मला मनापासून वाटतं. तेवढंच खाणमालकांनीही.

दक्षिण आफ्रिकेतली गोष्टही याच जातीची. म्पुमलांगा प्रांतातलं कोमाटी केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये कायमचं बंद झालं. जागतिक बँकेने सुमारे ५० कोटी डॉलर देऊ केले, सौर प्रकल्प आणि प्रशिक्षणाची योजना झाली. कायम कर्मचाऱ्यांची बदली झाली. कंत्राटी कामगार, चहाची टपरी, खोली भाड्याने देणारा, हे कुणाच्याच यादीत नव्हते.

चंद्रपुरात तिसरा आणि चौथा संच चाळिशीला आले आहेत. दुपारी सौरवीज भरपूर आणि स्वस्त, तेव्हा कोळशाच्या संचांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली यायला सांगतात आणि संध्याकाळी पुन्हा वर. स्थिर भारासाठी बांधलेल्या जुन्या बॉयलरला ही रोजची उठबस सोसत नाही, नळ्या फुटतात. हे संच कुठल्या ठरावाने नव्हे तर असेच, एखाद्या दुरुस्तीचा खर्च परवडेना म्हणून बंद होतील.

मावशीचा धाकटा राख वाहणाऱ्या बल्करवर, म्हणजे बंद टाकीच्या ट्रकवर, चालक आहे. केंद्र बंद झालं तर काय करशील, असं मी दिवाळीत त्याला विचारलं. त्याने विचार करून ठेवलेला होता. “जुनी राख धा वर्सात उचला म्हणून नियम हाय ना? तलाव भरून हायेत. धा वर्सं तं आपली गाडी चालतेच,” म्हणाला, आणि हात धुवायला मोरीकडे गेला.